चाकाकडे बघ

मे महिन्यातला दुसरा शनिवार.
मिनेसोटाच्या उत्तरेला, खाणींच्या गावात,
हॉकीच्या मैदानामागचं पार्किंग.
कोपऱ्यात बर्फाचा शेवटचा ढीग, काळा पडलेला,
चिकट पाहुण्यासारखा निघायचं नाव न घेणारा.
आयला कांगस केशरी शंकू मांडते आहे
डावा पाय जरासा ओढत.
आम्ही नऊ जण, उसन्या हेल्मेटात,
डोकी अचानक जड झालेले.

ती म्हणते, इथे सहा महिने हिवाळा.
सहा महिने रस्त्यावर एकही मोटारसायकल नाही.
लोकांचे डोळे विसरतात.
त्यांना शिव्या घालू नका,
पण ते विसरलेत, हे तुम्ही विसरू नका.

रॉयस खाणीत डंपर चालवतो.
तो म्हणतो, माझ्या सीटवरून अख्खी जीप दिसत नाही,
म्हणून तिथे प्रत्येक लहान गाडीला
उंच काठी असते, काठीवर झेंडा.
सगळे हसतात.
आयला हसत नाही. म्हणते,
इथे झेंडा नाही मिळत. अक्कल वापर.

मग माझ्या गाडीशी वाकते, हलक्या आवाजात,
जणू घरातली गोष्ट सांगावी:
समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नकोस.
तो तुझ्याकडे बघेल, हातसुद्धा करेल,
आणि तसाच हसत डावीकडे वळेल
थेट तुझ्या अंगावर.
डोळ्यांसमोर त्याच्या असतं
राहिलेलं बिल, मुलीचा फोन, कालचं भांडण.
तू चाकाकडे बघ. पुढच्या चाकाकडे.
चाकाला खोटं बोलता येत नाही.
तो ठरवतो त्याच्याही आधी
ते बोटभर वळलेलं असतं.

दोन बोटं ब्रेकवर.
त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल
तर त्याच्या लेखी तू जन्मालाच आलेली नाहीस.
पुढे हो, नाहीतर मागे राहा. तिथे रेंगाळू नकोस.
आणि हक्क तुझा होता म्हणून अडून बसू नकोस,
हॉस्पिटलच्या फॉर्मवर
हक्क कुणाचा होता ते लिहायला रकाना नसतो.

दुपारी ती डब्यातून वेलदोड्याचा पाव काढते,
आईच्या पद्धतीचा, वेणी घातलेला.
कुणीतरी विचारतंच, पायाचं काय झालं?
पाव तोडता तोडता म्हणते,
चांगला माणूस होता. ॲम्ब्युलन्समध्ये सोबत आला.
सारखं एकच म्हणत होता, दिसलाच नाहीत हो तुम्ही.
खरंच नव्हते दिसले.
मला तेव्हाही पटलं होतं.
त्याचीच भीती वाटते मला अजून.

पाव माझ्या घशात अडकतो.

गेल्या सप्टेंबरात, किराणा दुकानाच्या चौकात,
मी डावीकडे वळले. रस्ता मोकळा होता.
म्हणजे मला मोकळा वाटला.
हिरव्या हेल्मेटचा पोरगा खडीत घसरत थांबला,
पडला नाही.
मी काच खाली केली आणि तेच वाक्य बोलले,
शब्दन् शब्द तेच.
त्याचे हात थरथरत होते. पाणी आहे का, म्हणाला.
माझ्याकडे अर्धा कप कॉफी होती, गार झालेली.
ती त्याने प्यायली, कप परत दिला,
आणि गेला.

इथे मी का आले, ते फॉर्मवर मी लिहिलं
'उन्हाळ्यातला छंद'.

संध्याकाळी कार घेऊन घरी निघते.
त्याच चौकात थांबते.
डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे.
कोणी नाही. मागचा ट्रक हॉर्न देतो, देऊ दे.
मला एकदा माझ्याच पुढच्या चाकाकडे बघायचं असतं,
ते कुठे वळलंय ते.
मान उंचावते, पुढे वाकते.

आत बसून ते दिसत नाही.